एअर सस्पेन्शनची गाडी खाली आणायची: लिंक की मॉड्यूल?

मर्सिडीजने 1998च्या एस-क्लासमध्ये एअरमॅटिक हे एअर सस्पेन्शन आणलं, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा. अशी गाडी खाली आणायला स्प्रिंग कापावी लागत नाही. उंची मोजणाऱ्या सेन्सरला फसवलं की पुरतं. गाडी प्रत्यक्षापेक्षा उंच आहे असं त्याला वाटलं की कंट्रोल युनिट या पिशव्यांमधली हवा सोडतं.

पहिला मार्ग लिंकचा. सेन्सरची दांडी सस्पेन्शनला जोडणारी छोटी काडी, म्हणजे मूळ लिंक, काढून कमी-जास्त लांबीची लिंक बसवायची. स्वस्त आणि साधं काम, पण चिकाटीचं: दोन्ही बाजू सारख्या जुळल्या नाहीत तर गाडी एका अंगाला झुकते. मोजमाप चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत घ्या. जमिनीपासून घेतलं तर टायरमधली हवा घोळ घालते. आणि लिंक सोडवताना गाडीखाली अजिबात जाऊ नका! सेन्सर हलला की गाडी अचानक बसू शकते.

दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलचा. ते सेन्सरचा सिग्नलच बदलतं. महाग आहे, वायरिंग जाणणारा माणूस लागतो, पण बटण दाबून मूळ उंची परत मिळते. लिंकवाल्या गाडीत वरची पातळी निवडली तरी ती तेवढीच कमी भरते, आणि आपले स्पीडब्रेकर काही खाली येत नाहीत.

दोन्हींत कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलतो, टायर आतून झिजतो. अलाइनमेंट करावीच लागते. रोजच्या गाडीला मी मॉड्यूलच बसवेन. फक्त प्रदर्शनापुरती गाडी असेल तर लिंक पुरे.