वारशातल्या लाकडाला चपडीचं पॉलिश: कुठे शोभतं, कुठे फसतं

माळ्यावरून खाली काढलेली पेटी, आरशाची चौकट, भिंतीवरच्या घड्याळाचं खोकं, एक पाय डुगडुगणारी तिपाई. अशी जुनी वस्तू पुन्हा दिवाणखान्यात मांडायची ठरली की तिला पॉलिश कोणतं लावायचं हा प्रश्न येतोच, आणि हल्ली बहुतेक ठिकाणी ‘पीयू मारून टाका’ असं उत्तर मिळतं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं वॉर्निश, टिकाऊ आहे, यात वाद नाही. पण एकदा ते चढलं की उतरवायला घासकाम किंवा जहाल रिमूव्हर लागतो. त्या घासण्यात लाकडावर वर्षानुवर्षं मुरलेला रंग, हात लागून गुळगुळीत झालेल्या कडा, कारागिराच्या रंध्याच्या खुणा, सगळं निघून जातं. चपडी, म्हणजे लाखेची पातळ पत्री, स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश मात्र कित्येक वर्षांनंतरही स्पिरिटनेच मऊ होतं आणि काढता येतं. हात चुकला तर मागे फिरता येतं. या एका गुणासाठी शोभेच्या आणि कमी हाताळल्या जाणाऱ्या जुन्या वस्तूंना आमची पहिली पसंती चपडीला आहे. तिचे दोषही लहान नाहीत.

आधी खरेदीचं. चपडी कोरड्या पत्रीच्या रूपात मिळते आणि तयार द्रावणाच्या रूपातही. शक्य असेल तर पत्रीच घ्यावी. लाखेतली आम्लं आणि स्पिरिट यांच्यात हळूहळू रासायनिक क्रिया होत राहते, त्यामुळे द्रावण जुनं झालं की त्याचा थर धड कडक होत नाही, बोटाला चिकटत राहतो. केलेलं द्रावण साधारण 6 महिन्यांत संपवावं. तयार डब्यावर उत्पादनाची तारीख नसेल तर तो घेऊच नये. कोरडी पत्री थंड, अंधाऱ्या जागी बरीच वर्षं टिकते. याला अपवाद ब्लीच केलेल्या पांढऱ्या चपडीचा. ती कोरडी ठेवली तरी लवकर खराब होते आणि मग स्पिरिटमध्ये विरघळायच्या ऐवजी जेलीसारखी फुगून बसते. तसं झालं तर ती टाकून द्या, जास्त स्पिरिट ओतून सुधारत नाही.

रंगाची निवड वस्तूकडे बघून करावी. गार्नेट चपडी तांबूस तपकिरी असते. शिसवी, महोगनी किंवा मुळातच काळवंडलेल्या सागवानावर ती खुलते. नारिंगी चपडी मधाळ छटा देते. फिकट लाकडाचा मूळ रंग राखायचा असेल तर ब्लॉन्ड घ्यावी. शंका असेल तिथे एक पायरी फिकट निवडा, कारण प्रत्येक हातागणिक रंग गडदच होत जातो.

आणखी एक गोष्ट नीट विचारून घ्या, ती म्हणजे मेण. नैसर्गिक चपडीत सुमारे 3 ते 5 टक्के मेण असतं. द्रावण न हलवता ठेवलं की तळाशी जो दुधाळ गाळ बसतो तो हाच. सगळं काम चपडीतच संपणार असेल तर मेणाची अडचण नाही. वरून पीयू किंवा पाण्यात मिसळणारं वॉर्निश द्यायचं असेल तर मात्र मेण काढलेली चपडीच हवी, नाहीतर वरचा थर पकड धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात. तयार मालात झिन्सरचं ‘सीलकोट’ मेण काढलेलं आहे, तर त्याच कंपनीचं ‘बुल्स आय’ मेणासकट येतं. डबे सारखे दिसतात म्हणून गल्लत करू नये.

द्रावणाचं प्रमाण. बोळ्याने, म्हणजे कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या गोळ्याने, पॉलिश करायचं असेल तर 250 मिलिलिटर स्पिरिटला 30 ग्रॅम पत्री. ब्रशने पहिले हात द्यायचे असतील तर तेवढ्याच स्पिरिटला 60 ग्रॅम. पॉलिशवाले ज्याला एक पाउंडी आणि दोन पाउंडी मिश्रण म्हणतात ते हेच. स्पिरिट किमान 95 टक्के शुद्ध असावं. त्यात पाणी जास्त असलं की थरावर पांढुरकी झाक येते. पत्री खलात थोडी कुटून घेतली तर लवकर विरघळते. बरणी काचेची घ्यावी आणि पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी हलवावी, नाहीतर तळाशी एकच चिवट गोळा होतो. लोखंडी डब्यात चपडी कधी ठेवू नका, लोखंडाशी क्रिया होऊन ती काळपट पडते. रात्रभर मुरलं की मलमलीतून गाळायचं.

द्रावण वापरण्याजोगं आहे की नाही हे काचेवर कळतं. काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून बोटाने पातळ पसरवा आणि तासाभराने त्यावर नख ओढा. ताज्या चपडीवर नखाची रेघ कोरडी उमटते आणि कडेने बारीक भुकटी सुटते. नख रुतलं, किंवा थर मेणासारखा गोळा होऊन आला, तर ती बाटली लाकडाजवळ नेऊ नये. सगळी मेहनत वाया जाण्याचं सर्वांत मोठं कारण जुनं द्रावण हेच आहे, आणि लोक दोष देतात दमट हवेला.

लाकडाला हात लावण्याआधी त्यावर आधी काय लावलंय ते ओळखा. वस्तूच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या काडीने स्पिरिट लावा. अर्ध्या मिनिटात चिकट झालं तर जुनं पॉलिश चपडीचं आहे. स्पिरिटला दाद दिली नाही पण लॅकर थिनरने मऊ झालं तर ते नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर पीयू किंवा तेलाचं वॉर्निश.

जुनं पॉलिश चपडीचं निघालं तर घासायची घाई अजिबात करू नका. वर साचलेला काळा थर पुष्कळदा पॉलिशचा नसतो, मेण, धूळ आणि धुराचा असतो. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने तो निघतो आणि खालच्या चपडीला धक्का लागत नाही. साबणाचं पाणी टाळा, अमोनिया किंवा सोडा असलेला क्लीनर तर वर्ज्यच, कारण अल्कलीने चपडी विरघळते. साफ केल्यावर पॉलिशला मगरीच्या कातडीसारखे तडे दिसत असतील तर मऊ ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून तड्यांवरून एकदाच, सरळ ओढा. चपडी स्वतःच विरघळून तडे भरून घेते. पृष्ठभाग आडवा ठेवलेला असावा, नाहीतर ओघळ येतात. वाळल्यावर गरज वाटली तरच दुसरा हात. कित्येक चौकटी आणि पेट्या एवढ्यावरच देखण्या होतात, नवं पॉलिश लागतही नाही.

नवा थर द्यायचाच असेल तर ब्रशचे दोन हात पुरतात. प्रत्येक हातानंतर तासभर थांबा. नवा हात आधीच्या थराला विरघळवून त्यात मिसळतो, म्हणून दोन थरांमध्ये घासून पकड निर्माण करावी लागत नाही. पण याच कारणाने एकदा ब्रश फिरवलेल्या जागी पुन्हा फिरवायचा नाही. राहिलेला ठिपका तसाच सोडा, पुढच्या हातात तो भरतो. मोह आवरला नाही की ब्रशच्या रेघा उठतात आणि त्या 400 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढत बसावं लागतं. जोर दिला तर घर्षणाच्या उष्णतेने चपडी मऊ होऊन पेपरवर गोळ्या जमतात.

खरी झळाळी बोळ्याने येते. लोकरीच्या किंवा कापसाच्या गोळ्याभोवती धुऊन धुऊन मऊ झालेलं, सूत न सुटणारं कापड घट्ट गुंडाळा. द्रावण आतल्या गोळ्यावर घाला, बाहेरच्या कापडावर नाही. बोळा कागदावर दाबला की ओलसर ठसा उमटावा, थेंब सुटू नये. फळीच्या कडेवरून हात आत सरकवा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने सरळ ओढा, मग गोल, मग इंग्रजी आठच्या आकारात. बोळा पृष्ठभागावर कधीही थांबवायचा नाही, जिथे थांबतो तिथे खालचा थर उपटला जातो. तो ओढ घेऊ लागला की त्याच्या तळाला तेलाचा एकच थेंब लावा. तेल फक्त घसरण्यासाठी आहे. शेवटी ते वर येऊन धुरकट दिसतं, तेव्हा जवळजवळ कोरड्या बोळ्यावर थोडंसं स्पिरिट घेऊन हलकेच ओढून काढायचं.

स्पिरिट वेगाने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं बाष्प त्यावर धरतं. पावसाळी दिवसात थर पांढरट होतो तो यामुळे. कोरड्या दिवशी स्पिरिटचा अगदी बारीक हात दिला की ही झाक जाते. कामाच्या खोलीत हवा खेळती हवी, हातमोजे हवेत आणि जवळपास ज्योत नको.

आता दोष. जेवणाचं टेबल, स्वयंपाकघरातली फळी, न्हाणीघर, उन्हाची खिडकी, या जागांना चपडी लावू नका. गरम कपाचं बूड टेकलं की पांढरं वर्तुळ उठतं, कारण साधारण 65 ते 70 अंशांना ती मऊ पडू लागते. पाणी साचून राहिलं तरी डाग, आणि अत्तर किंवा सॅनिटायझर सांडला तर थरच विरघळतो. जुन्या टेबलाचा रोजचा वापर होणारच असेल तर वर काच ठेवणं चांगलं, पण काचेखाली सिलिकॉनच्या चकत्या हव्यात. काच थेट टेकली की चपडीला चिकटते. मेण काढलेल्या चपडीवर पीयू हा दुसरा मार्ग, मात्र मग मागे फिरण्याची सोय गेली.

जुन्या पेट्या आणि खणांच्या आतल्या कुबट वासावर चपडीइतका चांगला उपाय नाही. आतून धूळ झटकून, पेटी दोन दिवस हवेशीर ठेवून, दोन पातळ हात दिले की वास कोंडला जातो. जवसाचं तेल बंद खणात लावू नये, त्याचा खवट वास महिनोन्महिने जात नाही. शिवाय त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

लाकडाला बारीक भोकं असतील तर काळा कागद खाली ठेवून काही आठवडे पाहा. ताजी फिकट भुकटी पडत असेल तर किडा अजून जिवंत आहे आणि पॉलिशने तो मरत नाही. लहान वस्तू पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर गार लाकडावर पाणी धरतं. वेनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा जडावकाम असलेल्या वस्तूला हा प्रयोग नको.

जुना तैलरंग चढलेल्या वस्तूला कोरडा पॉलिश पेपर लावू नये, त्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी असते. रंग घट्ट असेल तर ओल्या कापडाने पुसा आणि त्यावर चपडीचा पारदर्शक थर द्या, झिजलेल्या रंगाचं रूपही राहतं. भिंतीवर लावायला काढलेल्या ग्रामोफोनच्या 78 गतीच्या जुन्या तबकड्यांनाही जपा. त्यातल्या बहुतेक चपडी आणि खनिज भुकटीच्याच असतात, स्पिरिटने पुसल्या तर खाचा जातात.

पॉलिश झाल्यावर आठवडाभर त्यावर काही ठेवू नका. झगझगीत चमक नको असेल तर 0000 नंबरच्या स्टील वूलने मेण लावून रेषांच्या दिशेने हलका हात फिरवा. ओकसारख्या टॅनिनयुक्त लाकडात मात्र स्टील वूलचे कण अडकले तर ओल लागताच काळे ठिपके पडतात, तिथे नायलॉनचा पॅड घ्या. पुढे वर्षाकाठी एकदा मेण आणि एरवी कोरडं मऊ कापड पुरतं. ओरखडा पडलाच तर अख्खी फळी उतरवू नका. बारीक ब्रशच्या टोकावर चपडी घेऊन तेवढीच रेघ तीन-चार वेळा भरा, दर खेपेला वाळू द्या, आणि वर आलेला उंचवटा 600 नंबरच्या पेपरने समपातळीला आणा.