दीड किलोचा गेमिंग लॅपटॉप, बरेच महिने वापरल्यावर : आधी वॉट बघा, कार्डाचं नाव नंतर

पातळ गेमिंग लॅपटॉप घेऊ का असं कोणी विचारलं की मी आता एकच उलटा प्रश्न विचारते, रोज घराबाहेर नेणार आहेस का? नाही म्हणालात तर सरळ जाड घ्या, त्याच पैशात जास्त मिळेल आणि दोन वर्षांनी रॅम वाढवावीशी वाटली तर चार स्क्रू काढून वाढवता येईल. हो म्हणालात तर मात्र नीट बसून बोलायला लागेल, कारण पातळ करताना कशाकशाला कात्री लागलीय हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

माझा १४ इंची आहे, वजन दीड किलोच्या जरा वर, जाडी पावणेदोन सेंटिमीटरच्या आत, ८ कोअरचा रायझन प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, ओलेड स्क्रीन. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण खाली जे लिहितेय ते या वर्गातल्या सगळ्यांना कमीजास्त लागू पडतं. दिवसा मोशन ग्राफिक्सचं काम, रात्री गेम. राहायला मानपाड्याला आणि स्टुडिओ महापेला, म्हणजे आधी घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, मग ठाण्याहून ट्रान्स हार्बर, कोपरखैरणेला उतरून परत शेअर रिक्षा, आणि सकाळच्या लेडीज डब्यात बॅग पुढे घेऊन उभं राहायचं. आधीचा लॅपटॉप अडीच किलोचा आणि त्याचा चार्जर पाऊण किलोचा, सव्वातीन किलो रोज खांद्यावर, मान धरायची ती रविवारपर्यंत सुटायची नाही. आता मोठा चार्जर घरीच असतो, बॅगेत १०० वॉटचा छोटा टाइप-सी चार्जर आणि लॅपटॉप, बास. वजनाच्या बाबतीत मी शंभर टक्के समाधानी आहे आणि पातळ घेण्याचं हेच एक खरं कारण आहे असं माझं ठाम मत आहे. दिसायला भारी म्हणून घेत असाल तर नका घेऊ.

फक्त एक लक्षात ठेवा, १०० वॉटच्या चार्जरवर ऑफिसचं काम मस्त होतं, रेंडरही जरा हळू का होईना होतो, पण त्यावर दाबून गेम खेळायला घेतला तर चार्जर लावलेला असूनही बॅटरी खाली उतरत जाते. गेमसाठी मोठा चार्जर लागतोच.

आता मुख्य मुद्दा, वॉट. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप असं एक ठरावीक कार्ड नसतंच. चिप एकच, पण एनव्हिडियाने कंपन्यांना ती ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा दिलीय, वरून डायनॅमिक बूस्ट वेगळा, म्हणजे सीपीयूला (प्रोसेसरला) त्या क्षणी नको असलेले वॉट ग्राफिक्सकडे वळवायचे, ते अजून २५ पर्यंत जातात, एकूण १४०. म्हणजे दुकानात शेजारी शेजारी दोन लॅपटॉप, दोन्हीवर तेच स्टिकर आणि एकाला दुसऱ्याच्या निम्मीच वीज मिळते. २०१७ ला पातळ लॅपटॉपसाठीचं मॅक्स-क्यू आलं तेव्हा निदान कार्डाच्या नावातच मॅक्स-क्यू लिहिलेलं असायचं, गिऱ्हाईकाला कळायचं की हे कमी वॉटचं आहे, २०२१ ला ३० सिरीज आली आणि नावातली ती खूणच गेली. हे मला मनापासून खटकतं. लाखाच्या वरची वस्तू विकताय तर वॉटचा आकडा खोक्यावर ठळक छापा ना. सध्या उपाय एकच, घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनच्या तळाला बारीक अक्षरात टीजीपी, म्हणजे कार्डाला मिळणाऱ्या वॉटचा आकडा, शोधायचा, किंवा दुकानातल्या डेमो पीसवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलची सिस्टीम इन्फर्मेशन उघडून मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर बघायची. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे.

माझ्यात बूस्ट धरून ९० वॉट मिळतात. ऐकायला कमी वाटतं, पण इथे एक गोष्ट समजून घ्या. चिप जी वीज खाते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, आणि शेवटचे शेदोनशे मेगाहर्ट्झ काढायलाच सगळ्यात जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे वॉट कमी केले तर फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) त्याच प्रमाणात पडत नाहीत, खूप कमी पडतात. त्यात ४०६० चं असं आहे की १०० वॉटच्या आसपास पोचलं की तिला व्होल्टेजचीच मर्यादा आडवी येते, लिहिलेलं १४० असलं तरी बहुतेक गेममध्ये ती तेवढं खातच नाही. गणपतीत खारघरला मावशीकडे गेले होते तेव्हा मावसभावाचा जाडजूड १६ इंची, तेच कार्ड, १४० वाला, आणि माझा, दोन्ही डायनिंग टेबलवर शेजारी ठेवले आणि सायबरपंक हा गेम एकाच रिझोल्युशनला, एकाच सेटिंगला चालवून बघितला. माझ्यावर ६० च्या घरात, त्याच्यावर ६८-७०. एवढाच फरक. तो स्वतःच म्हणाला, "ताई, फ्रेमचं ठीक आहे गं, पण तुझ्या पंख्याचा आवाज ऐक की जरा."

याच कारणाने मी पातळ लॅपटॉपमध्ये ४०७० चे जास्तीचे पैसे घालू नका असं सांगेन. तिच्यात कोअर बरेच जास्त आहेत पण त्यांना खेळायला वॉट तेवढेच, म्हणजे जाड लॅपटॉपमध्ये जो फरक दिसतो तो इथे अर्धवटच दिसतो, आणि व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, दोन्हीत ८ जीबीच. २५६० बाय १६०० च्या स्क्रीनवर टेक्स्चर अल्ट्राला टाकलं की नवीन गेममध्ये ८ जीबी भरतात आणि गेम मधेच अडखळतो, ते ४०७० घेऊनही सुटत नाही. ते पैसे रॅमला ठेवा, का ते पुढे सांगते.

तर आवाज. भाऊ म्हणाला ते खरं होतं आणि पातळपणाची खरी किंमत मला तिथेच मोजावी लागतेय, फ्रेममध्ये नाही. छताचा पंखा हळू फिरूनही खोलीभर वारा देतो आणि टेबलावरच्या छोट्या पंख्याला तेवढाच वारा द्यायला जीव खाऊन फिरावं लागतं, तेच इथे होतं. पाती लहान, उंचीला जागा नाही, म्हणून आरपीएम (मिनिटाला फेरे) वाढवायचा, आणि आरपीएम वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही, तो बारीक आणि टोकदार होतो. भावाच्या लॅपटॉपचाही आवाज येतो पण तो घोंगावल्यासारखा, कानाआड करता येतो. माझा टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जोराच्या मोडवर, टाकला की हेडफोनच्या आतसुद्धा टोचतो, आई बाहेरच्या खोलीत सिरीयल बघत असली की दार ओढून घेते. दार लावलं की खोली तापते. खोली तापली की पंखा अजून वाढतो.

तापमानावरून आठवलं, बाहेरच्या देशातले रिव्ह्यू बघून फसू नका. त्यांच्या खोलीत २०-२१ डिग्री असतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्री अकराला खोलीत ३३-३४ असतात आणि पंखा आत घेणार तीच हवा, म्हणजे तिथे ८० दिसलेला आकडा इथे नव्वदीच्या पुढे जातो, साधा हिशोब आहे. एसी लावून खोली २५ वर आणली की आतलं तापमानही साधारण तेवढंच उतरतं. मी उन्हाळ्यात गेम एसी लावूनच खेळते, नाहीतर सीपीयू पंचाण्णववर जाऊन स्वतःच स्वतःला हळू करतो आणि मग फ्रेम वरखाली.

गरम नेमकं कुठे लागतं तेही सांगते. स्क्रीनच्या बिजागरीपाशी, की-बोर्डच्या वरची जी मोकळी धातूची पट्टी आहे तिथे गेम चालू असताना बोट टेकवत नाही इतकी ती तापते, उष्णता वाहून नेणारे हीटपाइप बरोबर तिच्या खाली आहेत. पण डब्ल्यू-ए-एस-डी, म्हणजे गेममध्ये चालायच्या चार कळा, त्या जागी हात आरामात ठेवता येतो, थोडी हवा की-बोर्डच्या फटींमधून आत ओढली जाते म्हणून तो भाग कोमटच राहतो. हे डिझाइन करणाऱ्याने डोकं लावून केलंय आणि त्याचं कौतुक केलंच पाहिजे. मांडीवर ठेवून मात्र खेळू नका, खालच्या जाळ्या झाकल्या जातात, टेबल घ्या आणि मागून दोन बोटं उचलून ठेवा, लगेच तीन-चार डिग्रीचा फरक दिसतो.

आता मी काय काय सेटिंग केलंय ते सांगते, कारण यानंतर हा लॅपटॉप पूर्ण वेगळा वाटायला लागला. पहिलं, सीपीयूचा बूस्ट बंद. गेममध्ये ५ गिगाहर्ट्झच्या वर उड्या मारणारा प्रोसेसर ४ च्या आसपास राहतो, स्टोरीवाल्या गेममध्ये काहीही फरक कळत नाही, आणि तिथून वाचलेली उष्णता ग्राफिक्सच्या उपयोगी पडते कारण दोघांचे हीटपाइप एकमेकांना जोडलेले आहेत. व्हॅलोरंट खेळताना मात्र बूस्ट चालू ठेवते, तिथे सीपीयूच सगळं काम करतो. दुसरं, आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सचा व्होल्टेज कर्व्ह ०.८५ व्होल्टच्या आसपास सपाट केला, याला दोन-तीन संध्याकाळी द्याव्या लागतात, एक पायरी खाली, गेम तासभर चालवा, क्रॅश झाला तर एक पायरी वर. तिसरं, फ्रेम ६० ला बांधून टाकल्या. एवढं झाल्यावर ९० वॉट खाणारं कार्ड ६५-७० मध्ये भागवतं, बांधायच्या आधीच्या फ्रेमशी तुलना केली तर चार-पाच कमी, आणि पंखा मधल्या वेगावर येतो तिथे आवाज सहन होण्याजोगा आहे. टर्बो मोड मी आता फक्त रेंडरला लावते आणि चहा प्यायला निघून जाते. माझं म्हणणं आहे की पातळ लॅपटॉप खरा असाच वापरायचा असतो, तो कंपनीकडूनच असा सेट होऊन यायला हवा होता, पण बेंचमार्कच्या आकड्यांसाठी त्याला शेवटच्या टोकापर्यंत ताणून पाठवतात.

धूळ. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना काय सांगायचं, मेट्रो ४ चं काम, डंपर, नवीन टॉवर, सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्या एकमेकींना अगदी चिकटून असतात, कमी जागेत जास्त पत्रा बसवायचा असतो ना, त्यामुळे धूळ लवकर अडकते. पावसाळ्यानंतर पंखा उगाच चढा वाटायला लागला म्हणून खालचं झाकण उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर फारसं काही नाही, पण पंखा आणि पट्ट्या जिथे भेटतात त्या फटीत राखाडी थर, केस आणि धूळ एकत्र होऊन दमट हवेने घट्ट बसलेला. वरून नुसतं ब्लोअरने फुंकलं असतं तर तो अजून आत गेला असता. चिमट्याने उचलला, अख्खी पट्टी एकसंध निघाली, मग मऊ ब्रशने पट्ट्या साफ केल्या, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची म्हणजे ती उलटी भणाणत नाहीत. त्याच गेमला सहा-सात डिग्री कमी. आपल्या हवेत हे सहा महिन्यांनी करायचंच काम आहे. ज्यांच्यात चिपवर पेस्टऐवजी लिक्विड मेटल आहे त्यांनी पंख्यापर्यंतच थांबा, हीटसिंक उचलू नका, तो धातू वीज वाहून नेतो आणि थेंब भलत्या जागी पडला की बोर्ड गेला.

स्क्रीनबद्दल फार लिहीत नाही, ओलेड अप्रतिम आहे, रंगांच्या कामाला एक नंबर, चकाकते म्हणून खिडकीकडे पाठ करून बसू नका, आणि एकाच जागी तेच चित्र राहिलं की ओलेडवर त्याचा ठसा उमटू शकतो म्हणून टास्कबार लपवून ठेवा.

बॅटरी ७३ वॉट-अवर. विमानात १०० च्या वर परवानगीशिवाय नेता येत नाही म्हणून मोठ्या लॅपटॉपमध्येसुद्धा ९९ च्या वर कोणी जात नाही, पातळ्यात जागाच ७०-७५ ची असते. ग्राफिक्स कार्ड बंद, प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर मेल, ब्राउझर, फिग्मा असं सहा-सात तास आरामात. बॅटरीवर गेम मात्र विसरा, तास-सव्वा तास, तोही निम्म्या फ्रेमवर, कारण बॅटरी एका दमात तेवढी वीज देऊच शकत नाही. घरी प्लगलाच असतो म्हणून चार्ज ८० टक्क्यांवर थांबवलाय.

आणि रॅम. ही गोष्ट मी सगळ्यात गंभीरपणे सांगतेय. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, एलपीडीडीआर५एक्स. त्याचे फायदे खरे आहेत, वेग जास्त, वीज कमी, आणि वेगळा स्लॉट नसल्याने दोन-तीन मिलिमीटर वाचतात. पण पुढे वाढवायचा मार्गच नाही, आणि वॉरंटी संपल्यावर एक चिप गेली तरी दुरुस्तीवाला आधी अख्ख्या मदरबोर्डचा भाव सांगतो. सोल्डर न करता पातळ ठेवायचा रस्ता आहे, एलपीकॅम२ नावाचं सपाट मॉड्यूल आहे, स्क्रूने बसतं, २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मध्ये ते आलंसुद्धा. गेमिंगवाल्यांनी ते घ्यायला हवं, गिऱ्हाईकांनी मागितल्याशिवाय ते येणार नाही, म्हणून मी जिथे जाते तिथे विचारते. तोवर १६ जीबीचा पीस स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. आफ्टर इफेक्ट्स, ब्राउझरचे वीस टॅब आणि मागे डिस्कॉर्ड एवढ्यात माझे बावीस-तेवीस जीबी जातात.

एसएसडी तेवढी बदलता येते, एम.२ चा एकच स्लॉट आहे. १ टीबी भरत आलीय, सेलमध्ये २ टीबीची मिळाली की बाहेरच्या केसमध्ये घालून क्लोन करणार आणि टाकणार. झाकण तेव्हा उघडणारच आहे, पंखेही त्याच वेळी परत साफ होतील.