गंगापूर रोडवरचा फ्रेंच विडंबनकाव्याचा वर्ग : जरूर करावा असा

गंगापूर रोडला एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका शनिवारी संध्याकाळी स्वतःच्या घरी हा वर्ग घेतात. फ्रेंच येत नसलं तरी अडत नाही. बाई मूळ ओळी मोठ्याने म्हणतात आणि लगेच मराठीत अर्थ सांगतात. मी शाळेत मराठी शिकवते, वृत्तांची आवड आहे, म्हणून नाव घातलं.

बाई विडंबनाला थेट हात घालत नाहीत, हे मला फार पटलं. आधी व्हर्जिल, म्हणजे प्राचीन रोमचा महाकवी, आणि त्याचं लॅटिन महाकाव्य ‘एनिड’. ट्रॉय जळतंय, एनिअसनं म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतलंय, मुलाचा हात धरलाय, मागून येणारी बायको अंधारात हरवते. हे ऐकताना खोलीत कुणी हललंसुद्धा नाही. मग १६४८ पासून छापलं जाऊ लागलेलं, फ्रेंच कवी पॉल स्कारोंनं केलेलं त्याचंच विडंबन, ‘व्हिर्जील त्राव्हेस्ती’. सुरुवातीलाच हा कवी सांगतो, की सगळे देव आणि करड्या दाढीचे देखणे तीर्थरूप पाठीवर लादून आलेल्या त्या धर्मशील गृहस्थाचं मी गाणं गातो! व्हर्जिलच्या ओळीत तेरा ते सतरा अक्षरं. स्कारों तोच मजकूर आठ अक्षरांच्या यमकी ओळींत पळवतो. शार्दूलविक्रीडित टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणावं तसं. बाई बोटांनी टेबलावर ठेका धरतात, तेव्हा हसू नेमकं कुठून येतं ते कानालाच कळतं. मूळ माहीत नसेल तर विडंबन निम्मं वाया जातं. ‘झेंडूची फुले’ मुलांना शिकवताना मला हा अनुभव नेहमी येतो.

स्कारों तरुणपणीच आजारानं पांगळा झाला होता. खुर्चीत जखडलेल्या माणसानं एवढं खळखळून लिहावं, याचं मला अतोनात कौतुक वाटतं. काव्य मात्र अपुरंच राहिलं.

फी वाजवी, चहा मिळतो. झेरॉक्स फिकट असतात, चष्मा न्यावा. गाडी लावायला जागा नाही.

एकच तक्रार. ब्वालो या फ्रेंच कवीच्या ‘ल ल्युत्रँ’ला जेमतेम शेवटचा अर्धा तास मिळाला. १६७४ चं हे काव्य स्कारोंच्या बरोबर उलटं चालतं : पॅरिसच्या एका चर्चमध्ये पोथी ठेवायचं भलंमोठं लाकडी घोडं कुठे असावं यावरून धर्माधिकाऱ्यांत जुंपते, आणि ते भांडण बारा अक्षरांच्या भारदस्त ओळींत, महायुद्धाच्या थाटात रंगवलंय. पुढच्या बॅचला त्याला निदान दोन शनिवार द्यावेत, असं बाईंना सांगितलंय. तसं झालं तर मी पुन्हा नाव घालणार.