तोलेदोतलं हार्डवेअरचं दुकान आणि चौदा युरोंची लिंतेर्ना

स्पेनमधल्या तोलेदोत भाड्याच्या घराच्या जिन्यातला दिवा गेला, म्हणून बॅटरी आणायला कोपऱ्यावरच्या फेर्रेतेरियात, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुपारी शटर खाली असतं, पाचनंतर जा.

"लिंतेर्ना हवी," म्हटलं. काउंटरमागच्या आजोबांनी लगेच काहीच काढलं नाही. "हातात धरायची की कपाळाला बांधायची? कशासाठी?" हे विचारणं मला फार आवडलं. स्पॅनिशमध्ये लिंतेर्ना म्हणजे आपली बॅटरी, तसाच काचेचा कंदीलही. दीपगृहाच्या माथ्यावरची दिव्याची खोली लिंतेर्ना, आणि चर्चच्या घुमटावर उजेडासाठी बांधलेला खिडक्यांचा छोटा मनोरा, तोही लिंतेर्नाच. माझी मेक्सिकन मैत्रीण मात्र बॅटरीला लाम्पारा म्हणते.

मी मराठी सवयीने "बातेरियासकट द्या" म्हणाले. आजोबांनी तीन सेल पुढे ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "पिलास." बातेरिया म्हणजे गाडीची किंवा मोबाईलची बॅटरी, शिवाय ड्रमसेटसुद्धा! सेल घालून, छतावर झोत मारून दाखवला, मगच 14 युरो घेतले.

दुसऱ्या दिवशी मी कोन्सुएग्रा गावच्या पवनचक्क्या बघायला जाणार हे कळल्यावर म्हणाले, "आतली लिंतेर्ना नक्की बघ."

टेकडीवर 12 चक्क्या ओळीने उभ्या आहेत. एकीत वरच्या मजल्यावर गेले. पात्यांच्या आडव्या आसावर लाकडी दातांचं भलंमोठं चाक, त्याला रुएदा कातालिना म्हणतात. त्याचे दात एका पिंजऱ्यात अडकतात: दोन जाड चकत्या आणि त्यांच्यामध्ये गोलाकार बसवलेले उभे दांडे. आकार थेट कंदिलाचा, म्हणून नाव लिंतेर्ना. ती फिरली की जात्याची वरची तळी फिरते. माझ्या लिंतेर्नाचा झोत तिच्यावर टाकला. दात जिथे घासतात तिथेच दांडे गुळगुळीत होऊन चकाकत होते. बराच वेळ तिथून पाय निघेना.

बॅटरीबद्दल: झोत लांबवर आणि स्वच्छ पडतो. बटण मात्र कडक आहे, आणि बंद करायला आधी उघडझापीतून जावं लागतं, ते त्रासदायक. दुकानाला पाच तारे, बॅटरीला चार. पुन्हा गेले की कपाळाला बांधायची घेणार; चक्कीच्या अरुंद दगडी जिन्यात दोन्ही हात मोकळे हवेत.