जेरोम की वुडहाऊस : सुरुवात कोणापासून करावी?

इंग्रजी विनोदी कादंबऱ्यांकडे वळू पाहणारे ओळखीचे लोक सल्ला विचारायला येतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा दोन पुस्तके आधीपासूनच घोळत असतात. एक जेरोम के. जेरोमचे १८८९ सालचे ‘थ्री मेन इन अ बोट’ आणि दुसरे पी. जी. वुडहाऊसचे, जीव्ह्‌ज हा नोकर व बर्टी वूस्टर हा त्याचा श्रीमंत मालक या जोडीचे एखादे, बरेचदा १९३८ सालचे ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’. दोन्ही मी अनेकदा वाचली आहेत. त्यांतले एक आता कपाटात असते आणि दुसरे उशाशी. ही विभागणी गुणवत्तेवरून झालेली नाही, एका क्षुल्लक अडचणीवरून झाली आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

कारागिरीच्या बाबतीत वुडहाऊस वरचढ आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. तो काही वर्षे संगीत सुखात्मिकांसाठी लिहीत होता आणि त्याच्या कादंबऱ्यांची बांधणीही रंगमंचावर कोण कधी येणार व कोण कोठे लपणार याचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाने केल्यासारखी आहे. ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’मध्ये गाईच्या आकाराचे चांदीचे दूधपात्र, पोलिसाचे शिरस्त्राण आणि नको ते लिहिलेली एक टिपणवही या तीन वस्तू एकाच हवेलीत या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतात, आणि दर वेळी कोणाचे तरी लग्न मोडायच्या बेतात येते. त्यातच काळ्या चड्ड्यांची संघटना काढणारा रॉडरिक स्पोड हा स्वयंघोषित पुढारी आहे. ब्रिटनमध्ये ऑस्वल्ड मोस्ले या फॅसिस्ट पुढाऱ्याचे काळे सदरेवाले संचलन करीत होते, त्या दिवसांतच वुडहाऊसने त्याच्या या विनोदी प्रतिरूपाला बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानाचा गुप्त मालक करून टाकले. राजकीय उपहास इतक्या हलक्या हाताने केलेला मी क्वचितच वाचला आहे.

जेरोमकडे यातले काहीच नाही. निवेदक, जॉर्ज व हॅरिस हे तीन मित्र आणि एक कुत्रा किंग्स्टनहून होडीने थेम्समधून ऑक्सफर्डपर्यंत जातात, परतताना पावसाला कंटाळून पँगबर्नला होडी सोडतात आणि आगगाडीने लंडनला पळून येतात. कथानक म्हणावे ते एवढेच. मुळात त्याला विनोदी पुस्तक लिहायचेच नव्हते. थेम्सचा परिसर आणि इतिहास सांगणारे पुस्तक त्याच्या मनात होते आणि ज्या मासिकात ते क्रमशः छापले गेले त्याच्या संपादकाने इतिहासाचा बराचसा भाग काढून टाकला, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. संपादकाने आणखी थोडी निर्दयता दाखवली असती तर बरे झाले असते, असे मला प्रत्येक वाचनात वाटते. रनिमीडला मॅग्ना कार्टावर शिक्का उठवायला निघालेला राजा, चांदण्यातली नदी, रात्रीची गंभीर शांतता या ठिकाणी त्याची लेखणी एकदम शाळेतल्या निबंधासारखी अलंकारिक होते आणि आपण कोणते पुस्तक वाचत होतो याचा क्षणभर विसर पडतो. गोरिंगजवळ पाण्यात सापडलेल्या तरुणीचा प्रसंग तर इतका करुण आहे की तो दुसऱ्याच कोणाच्या पुस्तकातून येथे आल्यासारखा भासतो. ही पाने मी सरळ उलटतो आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

आता ती अडचण. वुडहाऊस वाचताना माणूस मोठ्याने हसतो, आणि घरात मोठ्याने हसणाऱ्या माणसाला ‘काय झाले?’ असे विचारले जातेच. आमच्या घरी हा प्रश्न पत्नी विचारते आणि कधी इंग्रजी न वाचणारी माझी आई विचारते. एकदा ज्या वाक्याला मी हसलो होतो ते जीव्ह्‌जबद्दलचे होते. तो अगदी ‘डिसग्रंटल्ड’ नसला तरी ‘ग्रंटल्ड’ म्हणण्याच्या जवळपासही नव्हता, अशा अर्थाचे ते वाक्य होते. मूळ शब्दाचा उपसर्ग काढून टाकला की उरलेला शब्द एरवी कोणी वापरत नाही, आणि बर्टी तो जणू रोजच्या बोलण्यातला असल्यासारखा वापरतो, एवढीच त्यातली गंमत आहे. मी आईला मराठीत सांगितले, की नोकर नाराज नव्हता पण राजीही नव्हता. आई म्हणाली, ‘मग बरोबर आहे, असे होते कधी कधी.’ मराठीत ‘राजी’ हा सर्रास चालणारा शब्द असल्यामुळे विनोद जाऊन तेथे एक समंजस विधान तेवढे उरले होते. दुसऱ्यांदा मी बर्टीला अर्धवट आठवणारी आणि जीव्ह्‌जने पूर्ण करून दिलेली शेक्सपिअरची ओळ समजावून सांगायला गेलो, आणि पाच मिनिटांनी मी हॅम्लेटच्या कुटुंबाची माहिती देत आहे असे माझ्या लक्षात आले. तेव्हापासून वुडहाऊस मी दार लावून वाचू लागलो. विनोदी पुस्तक दार लावून वाचावे लागणे मला हळूहळू खटकू लागले.

जेरोमच्या बाबतीत हे कधीच घडले नाही. अननसाचा डबा आहे आणि तो उघडायचे साधन घरी राहिले आहे, एवढे सांगितले की ऐकणारा पुढे सरकून बसतो. हॅरिस खिशातल्या चाकूने हात कापून घेतो, जॉर्जच्या हातून कात्री उसळून त्याचाच डोळा जायची वेळ येते, निवेदक होडीच्या आकडीने प्रयत्न करताना गुडघाभर चिखलात पडतो, शेवटी डोलकाठी आणि दगड येतात, डबा ठोकून ठोकून भूमितीतल्या सर्व आकृतींचा होतो आणि उघडत मात्र नाही. हा प्रसंग मी जेवताना सांगितला तेव्हा तो माझ्या मराठीतही टिकला, कारण त्याचा विनोद शब्दांत अडकलेला नाही. भिंतीवर एक तसबीर लावण्यासाठी सगळ्या घराला कामाला लावणारे पॉजरकाका तर चिमणराव वाचलेल्या माणसाला परके वाटतच नाहीत. आईने ऐकता ऐकता आमच्याच एका नातेवाइकाचे नाव घेतले, जे मी येथे देणार नाही. ‘काम मला फार आवडते, मी त्याच्याकडे तासन्‌तास बघत बसू शकतो’ हे वाक्य तर आता आमच्या घरात जेरोमचे नाव न घेताच वापरले जाते.

म्हणून मी सुरुवात जेरोमपासून करायला सांगतो. अर्थात ज्याचे इंग्रजी वाचन दांडगे आहे आणि ज्याला वाचताना कोणी हटकत नाही, त्याचा निर्णय वेगळा असू शकतो, आणि तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. शिवाय जेरोमचे हे पुस्तक संपले की मागे फारसे काही उरत नाही. त्याच तीन मित्रांची जर्मनीतली सायकलयात्रा १९०० साली आली, ती वाचनीय आहे पण पहिलीची सर तिला नाही. वुडहाऊसची नव्वदहून अधिक पुस्तके आहेत, म्हणजे एकदा गोडी लागली की आयुष्यभराची सोय होते. खर्चाचा विचार करणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की जेरोम १९२७ साली वारल्यामुळे त्याच्या पुस्तकावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे आणि ते इंटरनेटवर कायदेशीरपणे फुकट मिळते. वुडहाऊस १९७५ पर्यंत जगला, त्यामुळे आपल्याकडच्या साठ वर्षांच्या नियमाने त्याच्यासाठी अजून बरीच वर्षे पैसे मोजावे लागणार आहेत.

तरीही वुडहाऊसपासूनच सुरुवात करायची असेल, तर कादंबरीऐवजी ‘कॅरी ऑन, जीव्ह्‌ज’ हा १९२५ सालचा कथासंग्रह घ्यावा. एक कथा एका बैठकीत संपते, त्यामुळे चार दिवसांनी पुस्तक उघडल्यावर कोणाचे लग्न कोणाशी ठरले होते हे आठवत बसावे लागत नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेत असाल तर अमेरिकन आवृत्त्यांपासून सावध राहा, कारण तेथे नावे बदललेली असतात. ‘राइट हो, जीव्ह्‌ज’ वाचून झाल्यावर काही महिन्यांनी मी ‘ब्रिंक्ली मॅनर’ मोठ्या उत्साहाने विकत घेतले होते. ती तीच कादंबरी आहे हे मला चाळीस पानांनंतर कळले, आणि तोवर मला एवढेच वाटत होते की वुडहाऊसच्या सगळ्या कादंबऱ्या जरा सारख्याच असतात.