चर्चमधला बदल: कॅमेरा आधी की गीतं आधी?

चर्चच्या कमिटीत "आता बदलायला हवं" हा विषय निघाला की पुढचं साधारण ठरलेलंच असतं. एक जण म्हणतो, तरुण मुलं येईनाशी झाली. दुसरा म्हणतो, आम्ही नाही का याच गीतांवर वाढलो? आवाज चढतात आणि शेवटी तडजोड म्हणून कॅमेरा विकत घेतला जातो. कारण कॅमेऱ्यावरून कोणी रुसत नाही. रुसवेफुगवे होतात ते गीतांवरून, भाषेवरून, उपासनेच्या वेळेवरून. म्हणजे सोप्या निर्णयाच्या आड अवघड निर्णय लपवला जातो. तंत्राचा प्रश्न वेगळा आणि रीतीभातींचा वेगळा, म्हणून दोन्हींतले पर्याय इथे शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

थेट प्रक्षेपण की दुतर्फी बैठक

उपासना घरोघरी पोहोचवण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. 2 जानेवारी 1921 रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली संध्याकाळची उपासना केडीकेए या रेडिओ केंद्राने प्रक्षेपित केली. लोकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून तंत्रज्ञांना गायकवृंदाचे झगे चढवले होते! 1931 मध्ये व्हॅटिकनचं रेडिओ केंद्र सुरू झालं, तेही खुद्द मार्कोनीने उभारलेलं. यंत्राला झगा घालून आत घ्यायचं की दाराबाहेर ठेवायचं, हा वाद तेव्हापासूनचा.

यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण सोपं आहे. एक फोन, एक स्टँड आणि ते सांभाळणारा एक माणूस पुरतो. त्याचा खरा फायदा मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, कमी, बाहेरच्याला जास्त. ज्याला चर्चची पायरी चढायला संकोच वाटतो तो आधी लांबून डोकावून बघतो, आवडलं तर येतो. वाईट भाग हा की बघणारा प्रेक्षक होऊन बसतो. तो तीन रविवार आला नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय व्ह्यूंचा आकडा फसवा. काही सेकंद पाहून पुढे सरकलेला माणूसही त्यात धरलेला असू शकतो, आणि कमिटीच्या अहवालात तो "उपस्थिती" म्हणून मिरवतो.

झूमसारख्या दुतर्फी बैठकीत उलट चित्र. वीस-पंचवीस जण असले तर नावं दिसतात, चेहरे दिसतात, कोण आलं नाही हे कळतं, एकमेकांसाठी प्रार्थना करता येते. गाणं मात्र होत नाही. आवाज पोहोचायला क्षणाचा उशीर लागतो, त्यामुळे सगळे एकदम गायला लागले की प्रत्येकाचं धृपद वेगळ्या ठिकाणी संपतं. एकानेच गावं, बाकीच्यांनी आपला माइक बंद करून घरात गावं, एवढाच त्यावर उपाय. आणि वयस्कर सभासदांना लिंक उघडून द्यायला घरात कोणीतरी हवं. ते नसेल तर साधा फोन करावा. तो या दोन्हींपेक्षा जास्त काम करतो.

माझा कौल असा: आपल्याच आजारी, वृद्ध, दूर गेलेल्या सभासदांसाठी आठवड्यात एक दुतर्फी बैठक, आणि बाहेरच्यांसाठी प्रक्षेपण. एकच जमणार असेल तर बैठक.

प्रक्षेपण करायचंच ठरलं तर दोन गोष्टी आधी बघा. एक, आवाज. शेवटच्या बाकामागे ठेवलेला फोन पंखे, खोकला आणि घुमणारा हॉल टिपतो, प्रवचन नाही. चर्चच्या ध्वनियंत्रणेतून थेट वायर घ्या. चित्र धूसर असलं तरी लोक बसून राहतात, शब्द कळले नाहीत की उठतात. दुसरी गोष्ट प्रार्थनाविनंत्यांची. "अमक्या बहिणीची बायोप्सी झाली आहे" हे वाक्य चार भिंतींत आपुलकीचं असतं, इंटरनेटवर गेलं की तिच्या आजाराची जाहिरात होते. तेवढा वेळ प्रक्षेपण थांबवा. संडे स्कूलच्या मुलांचे चेहरे दाखवण्याआधी आईवडिलांना विचारा. गीतांच्या हक्कांची चौकशीही करून ठेवा, कारण चर्चमध्ये गाण्याची मुभा म्हणजे इंटरनेटवर दाखवण्याची मुभा, असं दरवेळी नसतं.

प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि पेला वाटून घेण्याच्या विधीचं, काय? इथे आपल्या पंथाचा नियम आधी, आवड नंतर. कॅथलिक भूमिका स्पष्ट आहे. 2002 मध्ये व्हॅटिकनने इंटरनेटविषयीच्या आपल्या निवेदनात सांगितलं की इंटरनेटवर संस्कार, म्हणजे प्रभुभोजनासारखे पवित्र विधी, नसतात. 2011 मध्ये पापनिवेदनाच्या तयारीसाठी एक ॲप आलं तेव्हाही, धर्मगुरूची जागा ते घेऊ शकत नाही, असा खुलासा व्हॅटिकनला करावा लागला. प्रोटेस्टंट मंडळ्यांत एकमत नाही. कुठे घरी भाकर आणि पेला घेऊन पडद्यासमोर बसलेलं चालतं, कुठे नाही. मला स्वतःला योहानाच्या दुसऱ्या पत्राचा शेवट आठवतो. लिहायचं पुष्कळ आहे, पण कागद आणि शाई नको, भेटून समोरासमोर बोलू, असं तो लिहितो. आणि हे लिहितो कागदावरच!

यंत्राकडून प्रवचन लिहून घ्यावं का, हेही आता विचारलं जातं. जून 2023 मध्ये जर्मनीतल्या फ्यूर्थ शहरात चॅटजीपीटीने रचलेली सुमारे 40 मिनिटांची उपासना झाली, 300 हून अधिक लोक आले. पडद्यावरच्या संगणकाने बनवलेल्या माणसांच्या आकृती निर्विकार चेहऱ्याने ठरावीक वाक्यं म्हणत होत्या आणि मधूनच लोकांना हसू फुटत होतं. भाषांतर, उपशीर्षकं, सूचनापत्रक यांसाठी हे साधन जरूर वापरा, फक्त एकदा माणसाच्या नजरेखालून घाला. प्रवचनासाठी नको. मंगळवारी ज्यांच्या घरच्या दफनविधीला पाळक उभे होते, तीच माणसं रविवारी समोर बसलेली असतात. ते यंत्राला ठाऊक नसतं.

आहे ती उपासना बदलायची की वेगळी सुरू करायची

इथे खरी कसोटी. आधी "परंपरा" या शब्दाची थोडी धूळ झटकू. आज ऑर्गन म्हणजे जुनं, गंभीर, चर्चला शोभणारं वाद्य. पण 1644 मध्ये इंग्लंडच्या संसदेने चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम दिला होता. लॅटिनऐवजी स्वभाषेतली मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, आज कोणाला वेगळी वाटत नाही, तिला वाट मिळाली ती डिसेंबर 1963 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. आज जे जपायचं म्हणून भांडतो, त्यातलं बरंचसं कधीतरी कोणाच्या तरी नाराजीतूनच आत आलं आहे.

वेगळी उपासना सुरू करणं लवकर होतं. जुन्यांना धक्का लागत नाही, नव्यांना मोकळीक मिळते. इंग्लंडमध्ये 2004 मध्ये पोर्ट्समथजवळ सुरू झालेलं "मेसी चर्च" याचं चांगलं उदाहरण: लहान-मोठे मिळून हस्तकला, बायबलची गोष्ट, प्रार्थना आणि एकत्र जेवण. ते पुढे अनेक देशांत पसरलं. पण याची किंमत उशिरा कळते. स्वयंसेवक दुप्पट लागतात, पाळकांचा रविवार दुप्पट लांबतो, आणि काही वर्षांत एकाच छपराखाली दोन मंडळ्या होतात. सोळा वर्षांच्या मुलीला सत्तरीच्या आजींचं नाव ठाऊक नसतं.

आहे तीच उपासना बदलणं याच्या उलट. संथ, कटकटीचं, आणि एखादं कुटुंब सोडून जाण्याचा धोका. पण जे रुजतं ते सगळ्यांचं होतं. लहान मंडळीला मी हाच मार्ग सुचवेन: महिन्यात एक नवं गीत, तेही जुन्या गायकांनीच आधी शिकायचं, शास्त्रवाचन एका तरुणाने, एका वृद्धाने. मोठ्या मंडळीकडे हात जास्त असतात, तिने वेगळी उपासना करून पाहायला हरकत नाही, मात्र महिन्यातून एक रविवार सगळे एकत्र हवेत.

निर्णय कोण घेतं हेही बघा. मात्तेओ रिच्ची हा इटालियन जेझुइट मिशनरी 1601 मध्ये बीजिंगला पोहोचला. पूर्वजांना मान देण्याच्या चिनी रीती ख्रिस्ती माणसाला पाळता येतील, असं त्याचं मत होतं. पण 1715 मध्ये पोपने त्या रीतींवर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला 1939 उजाडलं. ज्यांच्या घरात त्या रीती होत्या त्यांना सोडून, दूर रोममध्ये बसून हा निकाल लागला होता.

आमिश या अमेरिकेतल्या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची पद्धत मला इथे उपयोगी वाटते. ते तंत्रज्ञानाला सरसकट नाही म्हणत नाहीत. घराघरात फोन आला तर शेजारी एकमेकांकडे जाणं कमी होईल, म्हणून अनेक ठिकाणी त्यांनी फोन घराबाहेर, शेताच्या कडेला एका खोपटात ठेवला. लागला तर तिथे जायचं, बोलायचं आणि परत यायचं. तुमच्या कमिटीने काहीही ठरवलं तरी सहा महिन्यांची मुदत घालून ठरवा. मुदत संपल्यावर बैठकीत दोन तरुण आणि घरातून बाहेर पडू न शकणारे एक सभासद असू द्या. ते सभासद फोनवर असले तरी चालेल, फक्त पहिलं बोलणं त्यांचं असू द्या.