आर्पावर आंधळा विश्वास न ठेवायला शिकवणारे प्रशिक्षण

रडार दिशादर्शन आणि टक्कर टाळण्याच्या सिम्युलेटर प्रशिक्षणात पहिला दीड दिवस आम्हाला आर्पाला, म्हणजे रडारवर दिसणाऱ्या जहाजांचा मार्ग आणि वेग आपोआप काढणाऱ्या यंत्रणेला, हातही लावू दिला नाही. प्लॉटिंग शीट, समांतर पट्टी, पेन्सिल आणि दर सहा मिनिटांनी घेतलेले बेअरिंग (समोरच्या जहाजाची दिशा) व अंतर एवढ्यावर समोरच्या जहाजाचा मार्ग, वेग आणि सीपीए, म्हणजे ते आपल्या जवळात जवळ किती अंतरावरून जाईल, हे काढायचे होते. सेकंड ऑफिसर म्हणून अनेक वर्षे पडद्यावरचे आयते आकडे वाचत आल्यामुळे मला हा जुनाट हट्ट वाटला, आणि माझा हा समज तिसऱ्या दिवशी पुरता मोडला.

त्या दिवशीच्या सरावात प्रशिक्षकांनी आम्हाला न सांगता लॉगमध्ये, म्हणजे आपल्या जहाजाचा वेग मोजणाऱ्या उपकरणात, दोष घातला होता: जहाज १५ नॉट वेगाने चालले असताना रडारला १० नॉट मिळत होते. सीपीए बरोबरच दिसत होता, कारण तो सापेक्ष गतीवरून निघतो. पण समोरच्या जहाजाचा खरा मार्ग आणि वेग चुकले होते, त्यामुळे ट्रायल मॅनुव्हर (वळण्याआधी त्याचा परिणाम पडद्यावर पाहण्याची सोय) करून मी सुरक्षित ठरवलेले वळणही फसवे निघाले. कागदावर दोन्ही जहाजांच्या गतींचा त्रिकोण काढलेला असल्यामुळेच ही चूक नेमकी कुठे शिरली हे मला कळले, नाहीतर मी यंत्राला दोष देऊन मोकळा झालो असतो.

या प्रशिक्षणाचा खरा कस मात्र सरावानंतरच्या पुनर्दर्शनात लागतो. धुक्याच्या सरावात मी थोडे थोडे करून तीनदा, दर वेळी पाच अंश, स्टारबोर्डला (उजवीकडे) वळलो होतो आणि मी पुरेशी काळजी घेतली आहे असे मला वाटत होते. प्रशिक्षकांनी तोच प्रसंग समोरच्या जहाजाच्या रडारवरून दाखवला, तेव्हा त्या पडद्यावर माझे वळण जवळजवळ दिसतच नव्हते. टक्कर प्रतिबंधक नियमांतील आठवा नियम लहान लहान बदलांची मालिका टाळायला का सांगतो, हे मला पाठांतराने इतक्या वर्षांत समजले नव्हते. २५ जुलै १९५६ रोजी आंद्रेआ दोरिया आणि स्टॉकहोम ही जहाजे धुक्याच्या पट्ट्यात आदळली, तेव्हा दोन्हींवर रडार चालू होते आणि आंद्रेआ दोरियाने त्याआधी पोर्टला (डावीकडे) अवघे चार अंश वळण घेतले होते. हे उदाहरण त्याच वेळी दिल्यामुळे ते मनात पक्के बसले.

उणिवाही आहेत. एका क्युबिकलमध्ये (सिम्युलेटरच्या एका खोलीत) चौघे असल्याने जहाजाचे प्रत्यक्ष नियंत्रण प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडा वेळ आले. सी क्लटर, म्हणजे लाटांचे प्रतिध्वनी दाबणारे नियंत्रण, जास्त वाढवला की लाटांच्या ठिपक्यांबरोबर लहान होडीचा ठिपकाही पुसला जातो, हा भाग एका तासात उरकला, आणि माझ्या मते त्याला अर्धा दिवस द्यायला हवा होता. रडारच्या आंधळ्या पट्ट्यांचा, म्हणजे जहाजाच्याच डोलकाठीसारख्या भागांच्या आडोशामुळे न दिसणाऱ्या दिशांचा, सराव तर झालाच नाही.

तरीही वॉचवरच्या (जहाज चालवण्याच्या पाळीवरच्या) प्रत्येक अधिकाऱ्याने हे प्रशिक्षण घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. नाव नोंदवण्यापूर्वी मात्र एका क्युबिकलमध्ये किती जण असतील आणि प्रत्येक सरावाचे पुनर्दर्शन दुसऱ्या जहाजाच्या पडद्यावरून दाखवतात का, हे दोन प्रश्न संस्थेला जरूर विचारावेत.